जुने नाव विकायला काढावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इचलकरंजी परिसरातील ३६ वर्षांचे एक गृहस्थ २०१७ पासून एका टोपणनावाने क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांत मध्यस्थी करतात. टेलिग्रामवरील ओळखीच्या गटांत एकाला यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले क्रिप्टो चलन) विकायचे असते, दुसऱ्याला घ्यायचे असते, आणि दोघेही एकमेकांना अनोळखी असतात. विकणारा आपली नाणी यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटात, ठेवतो, घेणारा विकणाऱ्याच्या बँक खात्यात पैसे भरतो आणि पैसे पोचल्याची खात्री झाली की हे नाणी सोडतात. अर्धा टक्का दलाली मिळते. महिन्याला साधारण ३० लाखांची उलाढाल होते. गेल्या वर्षी एका अनोळखी तक्रारीमुळे बँकेने त्यांचे ३८ हजार रुपये ४७ दिवस अडकवून ठेवले. तेव्हापासून त्यांचे मन या कामातून उडाले आहे. आता एका व्यक्तीने त्यांचे टेलिग्राम खाते, जुने वॉलेट आणि एक्स्चेंजवरील (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावरील) व्यापारी खाते सिमकार्डासह साडेसहा लाखांना मागितले आहे. वडिलांनी यंत्रमागासाठी पतसंस्थेकडून घेतलेले कर्ज थकले आहे, जामीनदार असलेल्या काकांना व शेजाऱ्यांना नोटिसा आल्या आहेत आणि साडेसहा लाखांत ते सगळे फिटते. ते विचारतात: "हे नाव माझ्या कष्टाचे आहे. लोक चालते दुकान नावासकट विकतात. मी विकले तर कुणाचे काय बिघडते? शिवाय त्या नावामागे मी आहे हे कुणालाही ठाऊक नाही. मग मन का खात आहे?"

नमस्कार,

काम थांबवण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो, त्यामुळे त्याविषयी जास्त लिहीत नाही. ४७ दिवस बँकेचे उंबरठे झिजवल्यावर कोणालाही तसेच वाटेल, आणि घरात दोन जामीनदारांच्या नोटिसा पडलेल्या असताना साडेसहा लाखांचा प्रस्ताव समोर आला, तर तो लगेच झिडकारता येत नाही हेही मी समजू शकते. तुम्ही झिडकारला नाहीत आणि स्वीकारलाही नाहीत, आधी विचारलेत. म्हणून तुमच्या पत्रातील तीन गृहीतके मी एकेक करून तपासून पाहणार आहे.

पहिले गृहीतक न बोलता आले आहे. समोरचा माणूस तुमचा धंदा विकत घेतो आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमचेच आकडे घेऊन हिशेब करू. महिन्याला ३० लाखांच्या उलाढालीवर अर्धा टक्का म्हणजे १५ हजार रुपये. त्यातून साडेसहा लाख वसूल व्हायला ४३ महिन्यांहून थोडे अधिक लागतील, तेही कर न धरता, एकही गिऱ्हाईक न तुटता आणि बँकेने एकदाही खाते न अडवता. ज्या धंद्यातून तुम्ही स्वतः कंटाळून बाहेर पडत आहात, त्यात साडेतीन वर्षांहून अधिक काळ फक्त मुद्दल सोडवत बसायला कोण तयार होईल? आता पत्रातला दुसरा आकडा घ्या. गेल्या दिवाळीच्या आठवड्यात एका वेळी तुमच्या वॉलेटमध्ये लोकांची ११ लाखांची नाणी होती, असे तुम्ही लिहिले आहे. तसा एक आठवडा गाठायचा आणि नाणी घेऊन नाहीसे व्हायचे, एवढाच ज्याचा बेत असेल त्याला साडेसहा लाख मुळीच जड नाहीत. तो माणूस लबाडच आहे असे मी म्हणत नाही, कारण मी त्याला ओळखत नाही. पण त्याने देऊ केलेली किंमत प्रामाणिक धंद्याच्या हिशेबात बसत नाही, हे मला दिसते आणि कागद घेऊन बसलात तर तुम्हालाही दिसेल.

ही शंका पडताळायला एक साधा उपाय आहे. त्याला सांगा की विक्री झाल्याच्या दिवशी मी सगळ्या गटांत जाहीर करणार आहे, की आजपासून हे खाते दुसरी व्यक्ती चालवते. तो हो म्हणाला तरी किंमत किती खाली येते ते पाहा. जेवढी खाली येईल, तेवढी रक्कम तो लोकांना कळू नये यासाठी मोजत होता असे समजा.

येथेच तुमच्या दुसऱ्या गृहीतकाचे, म्हणजे दुकानाच्या उदाहरणाचे, उत्तर आहे. चालते दुकान नावासकट विकले जाते, त्यात काही गैर नाही. माझ्या लहानपणी आमच्या पेठेतले एक जुने कापडाचे दुकान असेच विकले गेले. पाटीवर नाव तेच राहिले, पण गल्ल्यावर दुसरा माणूस बसलेला साऱ्या गावाला दिसत होता. माझ्या आईने पहिले सहा महिने तेथून फक्त अस्तराचे कापड घेतले. लुगडे घ्यायची वेळ आली तेव्हा ती दुसरीकडे गेली. नव्या मालकाला पारखून घ्यायला तिला वेळ मिळाला. तुमच्या व्यवहारात गल्लाही दिसत नाही आणि चेहराही दिसत नाही. दिसते ते फक्त नाव, आणि तेच तुम्ही मागे माणूस बदलून तसेच ठेवणार आहात. गिऱ्हाईकाला पारखायची संधीच उरत नाही.

तुमच्या पत्रातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. जयसिंगपूरच्या एक निवृत्त शिक्षिका २०२१ मध्ये घेतलेली नाणी थोडी थोडी करून विकतात. घेणारा ठरायच्या आधीच त्या नाणी तुमच्याकडे पाठवून देतात, आणि तुम्ही "अहो, इतकी घाई कशाला" असे लिहिलेत तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "तुमच्याकडे आहेत म्हणजे माझ्या कपाटात आहेत." तुम्ही हा प्रसंग अभिमानाने लिहिला आहे, आणि अभिमान वाटावा असाच तो आहे. पण विक्रीनंतर त्या बाई नेहमीसारखीच नाणी पाठवतील, त्याच नावाला, त्याच प्रोफाइल चित्राकडे पाहून. कपाटाची किल्ली मात्र भलत्याच माणसाकडे असेल आणि ते त्यांना कोणी सांगितलेले नसेल. "कुणाचे काय बिघडते" या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर या बाई आहेत.

कष्ट तुमचे, यात वाद नाही. रात्री अकरा वाजता बँकेचे ॲप उघडून पैसे खरोखर आले का हे पाहायचे, कोणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबायचे नाही, ही शिस्त तुमची आहे. पण त्या शिस्तीतून जे उभे राहिले, ती आपल्या भाषेत पत आहे, आणि पत आपल्याकडे असते असे आपण म्हणत असलो तरी ती देणारे लोक असतात. तुमच्या घरातच याचे उदाहरण आहे. वडिलांच्या कर्जाच्या कागदावर काकांची सही जामीनदार म्हणून आहे. ती सही त्यांनी भावाकडे पाहून केली. उद्या वडिलांनी काकांना न सांगता ते कर्ज तिसऱ्याच माणसाच्या हवाली केले आणि जामीन तसाच ठेवला, तर काकांना काय वाटेल? तुमच्या गिऱ्हाइकांनीही तुमच्याकडे पाहून विश्वास टाकला आहे. मन खाते आहे ते यामुळेच, असे मला वाटते.

बिटकॉइनचे जाळे जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले ते कोणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून. तेथील नोंद सगळेच तपासतात, त्यामुळे तेच नाणे कोणाला दोनदा खर्चता येत नाही. पण त्या जाळ्याला जयसिंगपूरच्या बँकेतले रुपये दिसत नाहीत. रुपये आले की नाही, हे पाहायला शेवटी माणूसच लागतो. आणि या क्षेत्रात नवे नाव दोन मिनिटांत, फुकट मिळत असल्यामुळे आठ वर्षे टिकलेले नाव दुर्मीळ होते. म्हणून तुमच्याकडे गिऱ्हाईक आले, आणि म्हणूनच आता हा खरेदीदार आला आहे.

खाते पैसे न घेता एखाद्या विश्वासू वाटणाऱ्या माणसाला द्यावे, असाही विचार तुमच्या पत्राच्या शेवटी डोकावतो. त्याबाबत २०१८ मधली एक घटना सांगते. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाचा संगणक-प्रणालीचा एक छोटा, मोफत भाग होता. जगभरचे प्रोग्रामर तो दर आठवड्याला दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेत. मूळ लेखक तो स्वतः वापरत नव्हता, त्यातून त्याला पैसे मिळत नव्हते आणि तो कंटाळला होता. एका अनोळखी स्वयंसेवकाने सांभाळायची तयारी दाखवली, काही चांगली कामे करून दाखवली, आणि लेखकाने सद्भावनेने हक्क त्याच्या हाती दिले. काही आठवड्यांतच नव्या माणसाने त्यात एक जोडभाग घातला. त्या जोडभागातून 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटच्या किल्ल्या, म्हणजे नाणी खर्चण्याचा हक्क देणारे गुप्त संकेत, चोरण्याचा डाव होता. नोव्हेंबरमध्ये तो उघड झाला. मूळ लेखकाने एक पैसाही घेतला नव्हता, तरी उत्तरे द्यायची वेळ त्याच्यावरच आली. लोकांनी तो भाग वापरला होता तो जुन्या नावावर विसंबून, आणि नावामागचा हात बदलला आहे याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. तुमच्यासारख्या थकलेल्या, सज्जन माणसाच्या हातून असे होऊ शकते, म्हणून ही घटना मला महत्त्वाची वाटते.

आता तिसरे गृहीतक: नावामागे मी आहे हे कुणालाही ठाऊक नाही. गटातल्या लोकांना ठाऊक नसेल. पण एक्स्चेंजवरील खाते तुमच्या पॅन आणि आधारवर आहे, सिमकार्ड तुमच्या नावावर आहे आणि जुन्या वॉलेटमधली प्रत्येक देवघेव ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीत, कायमची नोंदलेली आहे. उद्या हैदराबादमधल्या कोणी १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार केली, तर पोलीस खात्यांच्या मागावरून येतात, आणि तो माग तुमच्या दारात संपतो. केवायसी झालेले खाते दुसऱ्याला वापरायला देणे म्हणजे बँक खाते भाड्याने देण्याचाच प्रकार आहे. "मी तर विकून टाकले होते" या वाक्याने तुमची सुटका होणार नाही, उलट तो कबुलीजबाब ठरेल. टोपणनावे इतर वाटांनीही उघडी पडतात. 'वंडरलँड' या क्रिप्टो प्रकल्पाचा खजिना 'सिफू' नावाने सांभाळणारी व्यक्ती म्हणजे कॅनडाच्या बुडालेल्या क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचा सहसंस्थापक आहे, हे जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आले. ज्यांनी आपले पैसे त्या नावावर विसंबून ठेवले होते, त्यांच्यासाठी ते नाव एकाच दिवसात कोसळले.

मग करावे काय? माझा सल्ला आहे की पेढी उघडपणे, तारीख सांगून बंद करा. नवे व्यवहार आजपासून घेऊ नका, अडकलेले पूर्ण करा, ज्यांची नाणी तुमच्याकडे पडून आहेत त्यांना परत करा. मग सगळ्या गटांत एक निवेदन द्या, की अमुक तारखेनंतर या नावाने येणारा कोणताही निरोप माझा समजू नये. हे निवेदन तुमच्या जुन्या वॉलेटच्या खासगी किल्लीने सही करून द्या, म्हणजे ते तुम्हीच लिहिले आहे हे कोणालाही तपासता येईल. त्यानंतर टेलिग्राम खाते काढून टाका, एक्स्चेंजवरील व्यापारी खाते रीतसर बंद करून त्याची पोच घ्या, आणि सिमकार्ड निदान वर्ष-दोन वर्षे स्वतःकडे चालू ठेवा. सोडून दिलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्याला देते. बँकेची विवरणपत्रे आणि व्यवहारांच्या नोंदी मात्र फेकू नका.

हे काम पुढे चालवायला गटातला एखादा होतकरू माणूस तयार असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने, लहान रकमांपासून सुरुवात करावी. तुम्ही त्याच्यासाठी शब्द टाकू शकता, पण तो नेमका टाका. "माणूस एकदम खात्रीचा" असे लिहू नका. "मी याच्याबरोबर तीन वर्षांत चाळीस व्यवहार केले, सर्वांत मोठा साठ हजारांचा, एकदाही उशीर झाला नाही" असे लिहा. वाचणाऱ्याला मग साठ हजारांच्या पुढे स्वतःचे डोके वापरायचे आहे हे कळते. बिटकॉइनमध्ये तर तीन किल्ल्यांपैकी दोन लागतील असे वॉलेट उघडता येते, ज्यात घेणारा, विकणारा आणि मध्यस्थ यांच्याकडे एकेक किल्ली असते आणि मध्यस्थ एकटा काहीही पळवू शकत नाही. ते थोडे किचकट आहे, पण मोठ्या रकमेसाठी तेवढे कष्ट घ्यायला हवेत.

कायद्याची एक बाजू तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून लिहिते. मार्च २०२३ पासून दुसऱ्यांसाठी आभासी चलनाची देवघेव करणे किंवा ते सांभाळणे हा व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आला आहे, आणि तो करणाऱ्यांना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. अशी नाणी विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. आपण फक्त ओळखीच्यांना मदत करत होतो अशी तुमची भावना खरी असली, तरी दलाली घेऊन दरमहा ३० लाखांची उलाढाल ही कागदावर मदत दिसत नाही. पेढी बंद करण्यापूर्वी सगळ्या नोंदी घेऊन चार्टर्ड अकाउंटंटकडे आणि गरज पडली तर वकिलाकडे बसा. मागच्या वर्षांचे काही राहिले असेल तर ते आपणहून निस्तरणे नोटीस येण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

राहिला कर्जाचा प्रश्न, आणि तुमच्या मनावरचा खरा बोजा तोच आहे, हे मला दिसते. नोटिसा आल्यावर बहुतेक घरांत पतसंस्थेला तोंड चुकवले जाते. तुम्ही उलट करा. काकांना आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन शाखाधिकाऱ्याकडे जा, एकरकमी परतफेडीची योजना चालू आहे का, दंडव्याजात सूट मिळते का, की हप्ते नव्याने बांधून मिळतात, हे विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. तुमच्या स्वतःच्या मालकीची जी नाणी आहेत ती कर वजा जाता किती भरतात ते पाहा. बंद पडलेला एखादा माग विकता येतो का, याचा विचारही वडिलांशी बोलून करावा लागेल. साडेसहा लाख एकदम हाती येण्याइतके हे सुटसुटीत नाही, हे मी मान्य करते. तरीही काकांवरची जामीनकी सोडवण्यासाठी जयसिंगपूरच्या बाईंना त्यांच्या नकळत जामीन ठेवावे, हे तुम्हाला स्वतःलाच पटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

अशा मध्यस्थांवर विसंबून व्यवहार करणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे लिहायला हवे. जुन्या नावाची भाषा अचानक बदलली, घाई वाढली, पैसे भरायला नवाच खाते क्रमांक आला, फोनवर बोलायची टाळाटाळ सुरू झाली, तर व्यवहार थांबवा. आजची तारीख घातलेले एक वाक्य जुन्या वॉलेटच्या किल्लीने सही करून मागा. ही मागणी कोणीही अपमान समजू नये. आपणच बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोटो असल्याचे २०१६ पासून सांगणाऱ्या क्रेग राइट यांना सगळ्यांना पडताळता येईल अशी सही कधीच देता आली नाही, आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ते सातोशी नसल्याचा निकाल दिला. मात्र किल्लीच विकली गेली असेल तर सहीसुद्धा बरोबर येईल, म्हणून सहीबरोबर आवाजही ऐका. वेळेवर मिळणाऱ्या पैशांवरही भुलू नका. टेक्सासच्या ट्रेंडन शेव्हर्सने २०११-१२ मध्ये टोपणनावाने आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत व्याज देण्याची बतावणी करून किमान ७ लाख बिटकॉइन गोळा केले, आणि नव्या लोकांच्या नाण्यांतून जुन्यांना वेळेवर देत राहिल्यामुळे त्याची पत वाढतच गेली. आपल्याकडे 'गेनबिटकॉइन' या गुंतवणूक योजनेने महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असे सांगितले, तेव्हा पुण्यापासून नांदेडपर्यंत लोक आत आले. पुढे त्या फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन जाणकारांनाच, जप्त चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये पुण्यात अटक झाली. कोणाकडेही एका वेळी तेवढेच ठेवा, जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही.

खरेदीदाराला नकार कळवताना कारणे देत बसू नका आणि वाद घालू नका. "खाते बंद करत आहे" एवढे पुरेसे आहे. त्याच्याशी झालेले संभाषण मात्र जपून ठेवा, आणि तुमच्यासारखेच जुने मध्यस्थ गटात असतील तर त्यांना या मागणीची कल्पना द्या, कारण तो आता त्यांच्याकडे जाईल.

जयसिंगपूरच्या बाईंना निवेदन पाठवून मोकळे होऊ नका. त्यांच्याकडे स्वतः जा. त्यांच्या फोनवर त्यांचे स्वतःचे वॉलेट उघडून द्या, ते वॉलेट परत मिळवून देणारे बारा गुप्त शब्द त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहायला लावा आणि त्या लिहीत असताना तुम्ही दुसरीकडे बघा. मग आधी थोडीशी रक्कम पाठवा, ती पोचलेली त्यांना स्वतः पाहू द्या आणि त्यानंतर उरलेली सगळी पाठवा. एका दुपारचे काम आहे. इचलकरंजीहून जयसिंगपूर काही लांब नाही.